निट्सराव

खरं नाव भाडेकरारावर आहे, बाकी कुठे ऐकू येत नाही. कोरमंगल्याच्या चौथ्या ब्लॉकातली आमची सगळी बिल्डिंग त्यांना निट्सराव म्हणते. तळमजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण आंटींना मराठीचा गंध नाही, पण त्याही ‘निट्सराव अवरु’ असं आदरानं म्हणतात. त्यांना ते आडनाव वाटतं.

निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. एक चौरस मीटर पडद्यातून ढोबळमानानं एका मेणबत्तीइतका उजेड बाहेर आला की तो एक निट. हे मी कुठे वाचायला गेलो नव्हतो. जिन्यात गाठ पडून पडून ते अंगात मुरलं. दूध आणायला निघालेल्या माणसाला पहिल्या मजल्यापासून फाटकापर्यंत जेवढं ऐकवता येईल तेवढं निट्सराव ऐकवतात, आणि फाटकाशी बाकीचं राहतं.

मूळ गाव सांगली, वय चव्वेचाळीस, नोकरी सॉफ्टवेअरची. शर्टाच्या खिशात फोन, फोनमध्ये उजेड मोजायचं ॲप, आणि किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेन ड्राइव्ह. कुणाच्याही घरी गेले की निट्सराव आधी खिडकी बघतात, मग टीव्ही, आणि मग यजमान. सत्यनारायणाच्या पूजेला आले तरी क्रम तोच. फक्त तीर्थप्रसाद मध्ये येतो.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या हॉलमध्ये आहे. फ्लॅट घेताना दलालानं ‘हवा-उजेड भरपूर’ असं सांगितलं होतं आणि बंगळूरच्या जुन्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स घेतलं होतं. दलालाच्या शब्दाला जागणारा तो एकमेव फ्लॅट निघाला. हॉलची पश्चिमेची भिंत म्हणजे आडवी सलग खिडकी. समोर एका निवृत्त माणसाचा जुना बैठा बंगला, दोन नारळ, आणि त्यांच्यावरून थेट आभाळ. दुपारी तीननंतर त्या हॉलमध्ये सुईत दोरा ओवावा असं ऊन येतं. काकू, म्हणजे निट्सरावांच्या आई, तिथे सांडगे वाळवतात. वहिनींचा कढीपत्ता कुंडीत असून खांद्याला लागतो.

आणि निट्सरावांना तिथेच टीव्ही लावायचा आहे. सिनेमे बघायचे आहेत आणि गेम खेळायचे आहेत. प्लेस्टेशन 5 भारतात आलं 2021 च्या फेब्रुवारीत. ज्यांना ते पहिल्या झटक्यात मिळालं त्यांत निट्सराव होते. ते यंत्र तेव्हापासून ऑफिसच्या चोवीस इंची मॉनिटरला जोडलेलं आहे. ‘तात्पुरतं’ असं ते म्हणतात.

अडचण भूमितीची आहे. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर टीव्ही लावला तर पडद्यात नारळ दिसतात. खिडकीच्याच भिंतीला लावावा तर भिंतच नाही. दक्षिणेला स्वयंपाकघराची मोकळी कमान. राहिली उत्तरेची भिंत. खिडकीशी काटकोनात, म्हणजे शास्त्राप्रमाणे उत्तम, कारण खिडकीचं प्रतिबिंब बघणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही. पण त्या भिंतीच्या ईशान्य कोपऱ्यात काकूंचं देवघर आहे. निट्सरावांनी एकदा घसा खाकरून विषय काढला होता. काकूंनी वातीवरची नजर न काढता सांगितलं, “देव हलणार नाहीत. तुझा टीव्ही अजून आलाच नाहीये, त्याला हलव.”

“पडदे लावा की हो,” असं हा सगळा मामला पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण म्हणतो. निट्सराव त्याच्याकडे दयेनं बघतात. पडदा हे उत्तर नव्हे, ती माघार आहे. “या उजेडाचं भाडं भरतो मी. कापड टांगून तो बाहेर ठेवायचा तर एजीपुऱ्यात निम्म्या पैशात अंधार मिळतो.” शिवाय काकूंचा वेगळा मुद्दा आहेच. ऊन पडद्यावर येतं संध्याकाळी, आणि दिवेलागणीला पश्चिमेची खिडकी झाकायची म्हणजे लक्ष्मीला दारातून परत पाठवायचं. या एका बाबतीत मायलेकांचं एकमत आहे, त्यामुळे वहिनींनी पसंत केलेलं पडद्याचं कापड कपाटात पडून आहे.

तर मग उजेडाला उजेडानंच उत्तर द्यायचं. इथून निट्सराव खुलतात. सिनेमागृहातल्या पडद्यावर किती उजेड असतो? पांढऱ्यात पांढरा भाग धरला तरी 48 निट्स, हे जगभरचं ठरलेलं माप आहे. एवढ्याशा उजेडावर आपण तीन तास भारावून बसतो, कारण हॉलमध्ये मिट्ट काळोख असतो. घरातल्या उन्हात मात्र हजार निट्सही बापुडवाणे होतात. वहिनी एकदा म्हणाल्या, “मग फोरमलाच जाऊ या की सिनेमाला, चालत दहा मिनिटं.” (फोरम मॉल 2004 साली उघडला. त्याचं नाव आता नेक्सस झालंय, पण रिक्षावाल्यांना आणि वहिनींना ते मान्य नाही.) गेले. मध्यंतरात निट्सराव म्हणाले की दाराच्या वरच्या हिरव्या ‘एक्झिट’च्या पाटीमुळे डाव्या कोपऱ्यातला काळा रंग बिघडतो. त्यानंतर वहिनी सिनेमाला मैत्रिणींबरोबर जातात.

काळा रंग हा त्यांच्या प्रपंचातला मुख्य प्रश्न आहे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो, त्यामुळे विझलेला काळा तो खरा काळा. पण तो अंधारातला राजा. सबंध पडदा पांढरा झाला, क्रिकेटचं ऊन किंवा बर्फ आलं, की त्याचा उजेड आपोआप खाली येतो. शिवाय एकच चित्र तासन्‌तास एका जागी राहिलं तर त्याचा ठसा उमटायची भीती. काकूंच्या मालिका संध्याकाळी सलग चालतात आणि वाहिनीचं बोधचिन्ह कोपऱ्यात ठाण मांडून असतं. “म्हणजे मी सैतानाशी लढताना वरती ते दिसत राहणार,” असं निट्सराव म्हणतात. मिनी एलईडीत पडद्यामागे हजारो बारीक दिवे गटागटानं लागतात. उजेड भरपूर, उन्हाला पुरून उरणारा. पण काळ्या आभाळात एकच चांदणी असली की तिच्याभोवती धुरकट वलय येतं, कारण दिव्यांचे गट चांदणीपेक्षा मोठे. आता ज्या खोलीत संध्याकाळी सातपर्यंत सांडगे वाळू शकतात तिथे हे वलय दिसणार कुणाला, असं मी एकदा विचारलं. “रात्री साडेअकराला दिसेल,” असं ते म्हणाले. रात्री साडेअकराला निट्सराव झोपलेले असतात, हे त्यांच्या घोरण्यामुळे खालच्या मजल्यालाही ठाऊक आहे.

बरं, नुसता उजेड असून भागत नाही. मुळातला काळा रंग कितीही काळा असला तरी खोलीतला उजेड पडद्यावर आपटून परत आला की तो राखाडी होतो. म्हणून पडदा चकचकीत हवा की खरखरीत? चकचकीत असला तर नारळ स्वच्छ दिसतात. खरखरीत असला तर नारळ दिसत नाहीत, पण त्यांचा उजेड सगळ्या पडद्यावर फासला जातो. या प्रश्नावर निट्सरावांनी एक सबंध गणेशोत्सव काढला.

आकाराचा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं सोडवला. घरपोच सामानाच्या खोक्यांचे पुठ्ठे उलगडून, चिकटपट्टीनं जोडून, त्यांनी पासष्ट इंची टीव्ही कापला. 145 सेंटिमीटर रुंद, 83 उंच, कडेनं काळा कागद. आंटींनी भिंतीला ड्रिल लावायला बंदी केली आहे, त्यामुळे तो दुहेरी टेपनं चिकटवला. महिनाभर सोफ्यावर बसून त्यांनी तो बघितला. डोळ्यांवर ताण येतो का, मान वळवावी लागते का, याची वहीत नोंद केली. काकूंना वाटलं की लेक ध्यानाला लागला. मग हळूहळू त्या पुठ्ठ्याला घरानं पोटात घेतलं. आधी काकूंनी त्यावर कालनिर्णय अडकवलं, कारण खिळा मारायचा नव्हता. मग धोब्याचा हिशेब आला. शाळेत जाणाऱ्या मुलीनं खालच्या पट्टीवर लाल खडूनं ब्रँडचं नाव लिहिलं: ‘बाबा’. गॅस सिलिंडरची पावती उजव्या कोपऱ्यात असते. वीज गेली की आम्ही शेजारी विचारतो, “तुमचा चालू आहे का?”

याच पुठ्ठ्यावर निट्सराव उन्हाचा माग काढतात. उन्हाची कडा किती वाजता कुठवर येते हे पेन्सिलीनं मांडलेलं आहे. जूनमध्ये सूर्य वायव्येला बुडतो, डिसेंबरात नैऋत्येला, आणि 24 एप्रिलच्या सुमारास बंगळुरात भर दुपारी माणसाची सावली पायाखाली जाते. सवाई जयसिंगानंतर एवढं बारकाईनं ऊन कुणी मोजलं नसेल. गवीपुरम्‌मध्ये गवी गंगाधरेश्वराचं गुहामंदिर आहे. तिथे संक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीचा किरण बाहेरच्या नंदीच्या शिंगांमधून नेमका आत शिरतो आणि पिंडीवर पडतो. काकूंना दर्शनाला नेलं होतं. सगळी गर्दी हात जोडून उभी आणि निट्सराव होकायंत्र उघडून. परतताना रिक्षात म्हणाले, “बघा, त्यांनी ऊन नेमकं पडावं म्हणून गुहा कोरली. मला फक्त ते पडू नये एवढंच हवंय, आणि तेही भाड्याच्या घरात.”

इथवर वाचून कुणाला वाटेल की माणूस घरकोंबडा असणार. उलट आहे. स्वतःचा टीव्ही नसल्यामुळे निट्सराव परोपकाराला मोकळे आहेत. आमच्या बिल्डिंगमधला आणि आजूबाजूच्या गल्ल्यांमधला प्रत्येक टीव्ही त्यांच्या सल्ल्यानं आलेला आहे. दहा मिनिटांत ते दुसऱ्याचा टीव्ही निवडून देतात. खिडकी बघतात, बजेट विचारतात, घरात म्हातारं माणूस आहे का विचारतात, आणि मॉडेलचा क्रमांक सांगतात. तो बरोबर निघतो. अवधी फक्त स्वतःच्या बाबतीत लागतो.

टीव्ही आल्यावर ते तपासणीला येतात. चहा बाजूला ठेवून रिमोट मागतात. दुकानात उठून दिसावा म्हणून ठेवलेला भडक मोड काढतात, ‘फिल्ममेकर’ लावतात. हालचाल गुळगुळीत करणारी जी करामत असते, ज्यात ‘शोले’सुद्धा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो, ती तर त्यांची खास वैरीण. ती मेनूच्या कुठल्याही तळघरात लपलेली असू दे, निट्सराव तिला शोधून विझवतात. मग म्हणतात, “आता बघा. आता दिग्दर्शकाला हवं होतं तसं दिसतंय.” घरचे लोक माना डोलावतात. चित्र पिवळट आणि मंद दिसतं, पण पाहुण्याचं मन कोण मोडणार? निट्सराव जिना उतरले की दार लागतं, आणि ‘भडक’ परत येतो. हे सगळे जण करतात. माझ्या घरीही झालं. ते पुढच्या वेळी आले की आम्ही आधी घाईनं ‘फिल्ममेकर’ लावून ठेवतो. सासूबाई येणार म्हटलं की पूर्वी सुना पदर सावरायच्या ना, तसं.

सांगलीत त्यांच्या वडिलांनी टीव्ही घेतला तो 1987 साली, ‘रामायण’ सुरू झालं म्हणून. रविवार दोन दिवसांवर होता. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, हा न्या. नेला. लाकडी खोका, सरकत्या दाराचा, कुलूपकिल्लीचा. खिडकीवर काकूंचं जुनं लुगडं टांगलं आणि अर्धी आळी समोर बसली. निट्सराव तेव्हा पहिल्या रांगेत होते. ही हकिगत काकू सांगतात तेव्हा त्यांना एवढंच म्हणायचं असतं की निर्णय असा घेतात. निट्सरावांना त्यातून भलताच अर्थ लागतो. “बाबांनी बघितलंच नाही हो. दारांच्या आतल्या बाजूला पॉलिश होतं, ते रिफ्लेक्ट व्हायचं.”

आता किमतीचं. निट्सराव कंजूष नाहीत, पण सेलशिवाय घेणं हा त्यांच्या लेखी बुद्धीचा अपमान आहे. आणि सेलची गंगोत्री म्हणजे आमचंच गाव. 2007 साली दोन बन्सलांनी पुस्तकं विकायला सुरुवात केली ती याच कोरमंगल्यातल्या एका फ्लॅटमधून. 2014 पासून त्यांच्या फ्लिपकार्टचा मोठा सेल दर दिवाळीच्या आधी येतो. निट्सराव दर वर्षी त्या सेलची वाट बघतात, आणि सेल आला की म्हणतात, “जानेवारीत लास व्हेगसला नवी मॉडेलं जाहीर होतील, मग ही पडतील.” जानेवारीत नवी जाहीर होतात. ती भारतात यायला उन्हाळा उजाडतो. तोवर जुनी दुकानातून संपतात, नव्यांचे भाव चढे, आणि पाहता पाहता गणपती येतात. सोनी वर्ल्ड सिग्नलवरून जाताना, म्हणजे टीव्हीच्या दुकानावरून ज्या चौकाचं नाव पडलं त्या चौकातून, एजीपुऱ्याच्या उड्डाणपुलाचे खांब दिसतात. काम 2017 ला सुरू झालं. पूल आधी की निट्सरावांचा टीव्ही आधी, यावर बिल्डिंगमध्ये पैजा लागलेल्या आहेत. आंटी पुलाच्या बाजूनं आहेत.

आणि मग 2025 चा सप्टेंबर उजाडला. बत्तीस इंचांच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, 22 सप्टेंबरपासून, नेमका घटस्थापनेला. त्या दिवशी निट्सराव जिन्यातून उतरले ते दिग्विजय करून आल्यासारखे. जे भेटले त्यांना त्यांनी समजावलं की लोक म्हणतात तशी किंमत दहा टक्क्यांनी उतरत नाही, 128 चे 118 होतात, म्हणजे पावणेआठ टक्क्यांहून जरा जास्त. “आधी घेतला असता तर?” या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. थांबणं शहाणपणाचं ठरलं होतं, सरकारी शिक्क्यानिशी. वहिनींचा चेहरा त्या दिवशी बघवत नव्हता.

तरी वहिनींनी त्यांना दुकानात नेलंच. दसऱ्याच्या आधीचा शनिवार, मीही सोबत. विक्रेता पोरगा बेळगावचा निघाला, मराठीत बोलू लागला. निट्सरावांनी जुडग्यातला पेन ड्राइव्ह काढला आणि पासष्ट इंची मिनी एलईडीला लावला. मग पोराला दुकानातले दिवे घालवायला सांगितलं, मग सगळे लावायला सांगितलं, मग टीव्ही काचेच्या दाराजवळ नेता येईल का विचारलं. एचडीएमआयची चारही भोकं पूर्ण वेगाची आहेत की दोनच, आणि त्यातलं एक साउंडबारनं खाल्लं तर प्लेस्टेशनला कुठलं, 120 हर्ट्‌झवर व्हीआरआर चालू केल्यावर उजेड हलतो का, हे विचारलं. पोरगा बिचारा खरंच हुशार. त्याला बरंच माहीत होतं. शेवटी तो म्हणाला,

“सर, एक विचारू काय? ह्याच्यावर तुम्ही बघणार काय?”

निट्सराव गप्प झाले. मी त्यांना गप्प झालेलं पहिल्यांदाच बघत होतो. उत्तर वहिनींनी दिलं. ‘ओपनहायमर’ बघायचाय, 2023 चा, नव्या टीव्हीवर म्हणून राखून ठेवलाय. ‘ड्यून’चा दुसरा भाग तसाच. ‘एल्डन रिंग’ या गेमची तबकडी 2022 पासून प्लास्टिकच्या वेष्टणात आहे. ऑफिसात कुणी त्या सिनेमांविषयी बोलायला लागलं की हे उठून पाणी प्यायला जातात. “मग आत्ता काय बघतात?” पोरानं विचारलं. वहिनींनी पेन ड्राइव्हकडे बोट दाखवलं. पडद्यावर काळ्या पाण्यात एक जेलीफिश तरंगत होता.

पोरानं बिल करायला घेतलं होतं. निट्सराव पाकिटाला हात घालणार, एवढ्यात आंटींचा फोन आला. समोरच्या बंगल्याच्या मालकांनी जागा बिल्डरला दिली आहे, सोमवारपासून पाडकाम, धूळ येईल, खिडक्या लावून घ्या. किती मजले? आंटी म्हणाल्या, स्टिल्टवर चार.

निट्सरावांनी फोन खिशात ठेवला आणि पेन ड्राइव्ह काढून घेतला. “चार मजले म्हणजे आपल्या खिडकीत आभाळच राहणार नाही,” ते वहिनींना म्हणाले. आवाजात दुःख शोधून सापडलं नसतं. “खोली अंधारी होणार. अंधाऱ्या खोलीला मिनी एलईडी कशाला? सगळं गणितच बदललं.” ते पोराकडे वळले. “ओएलईडी कुठे आहेत?”

आता नारळ गेले आहेत. काकूंचे सांडगे गच्चीवर वाळतात, कढीपत्त्याची पानं पिवळी पडू लागली आहेत. पुठ्ठ्यावरच्या पेन्सिलीच्या रेघांशेजारी निट्सरावांनी नव्या रेघा मारल्या आहेत, स्लॅब पडत जाईल तशा. ओएलईडीचा अभ्यास पक्का होत आला होता. परवा ते फाटकाशी बिल्डरच्या सुपरवायझरला गाठून उभे होते. मला बघताच लगबगीनं आले.

“ऐकलंत का? समोरच्या इमारतीला दर्शनी बाजूनं वरपासून खालपर्यंत काच बसवणार आहेत. म्हणजे सकाळचं पूर्वेचं ऊन त्या काचेवर आपटून थेट आपल्या हॉलमध्ये,” आणि त्यांनी फोन उघडून मला एक कोन दाखवला. “काच साधी बसवतायत की रिफ्लेक्टिव्ह, तुमची बिल्डरशी ओळख आहे का हो?”